राउटर जागा करणारे पाच निरोप

वाय-फाय राउटरमधलं फर्मवेअर बदलत असतानाच वीज गेली, तर त्याच्या फ्लॅश मेमरीत जुनं पुसलेलं आणि नवं अर्धवट लिहिलेलं असं काहीतरी उरतं. दिवे लुकलुकतात, पण वाय-फायचं नाव कुठेच दिसत नाही. राउटर ‘ब्रिक’ झाला, म्हणजे त्याची वीट झाली, असं जाणकार म्हणतात. हा निवाडा बहुतेक वेळा घाईचा असतो. फ्लॅशच्या वेगळ्या कप्प्यात बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्रॅम असतो आणि नेहमीच्या अपडेटमध्ये त्याला सहसा हात लागत नाही. रेडिओ कसा चालवायचा ते त्याला ठाऊक नसतं, म्हणून वाय-फाय मिळत नाही. केबलच्या पोर्टशी मात्र तो बोलू शकतो. राउटर वाचवायची वाट तिथूनच जाते.

या वाटेवरची, फाइल पाठवण्याची भाषा म्हणजे टीएफटीपी. तिचं १९८१ सालचं विवरण आजही चकित करतं, कारण तिच्यात निरोपच मुळी पाच प्रकारचे: मला वाचायचंय, मला लिहायचंय, हा घ्या तुकडा, मिळाला, चूक झाली. एक तुकडा ५१२ बाइटचा, आणि त्याची पोच आल्याशिवाय पुढचा निघत नाही. चार एमबीच्या फाइलसाठी अशा ८,१९२ फेऱ्या होतात. आजच्या हिशेबाने ही पद्धत मागासलेली वाटेल, पण माझ्या मते तिचं बळ याच दारिद्र्यात आहे. तिला लागणारा कोड इतका थोडा, की तो बूटलोडरच्या इवल्याशा जागेत मावतो. आणि जितका कोड कमी, तितक्या बिघडण्याच्या जागाही कमी.

लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरचं उदाहरण बोलकं आहे. २००२च्या अखेरीस तो बाजारात आला. त्यात लिनक्स असल्याचं उघड झाल्यावर लिनक्सच्या परवान्याच्या अटीमुळे कंपनीला २००३ मध्ये सोर्स कोड जाहीर करावा लागला, आणि त्यातूनच पुढे ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. या राउटरमध्ये ‘बूट_वेट’ नावाची एक खूण होती. ती चालू असेल तर बूटलोडर सुरुवातीला काही सेकंद १९२.१६८.१.१ या पत्त्यावर टीएफटीपीने येणाऱ्या फाइलची वाट पाहत असे. अनेक राउटरांत ती बंदच असे. मग लोकांनी कंपनीच्याच फर्मवेअरमधल्या ‘पिंग’च्या पानावरची एक सुरक्षा-त्रुटी वापरून ती चालू केली. दुरुस्तीचा दरवाजा बांधलेला होता, पण तो उघडायला मालकाला आपल्याच घराची खिडकी फोडावी लागली!

टीएफटीपीला पासवर्ड नाही, हा आक्षेप खरा आणि गंभीर आहे. पण भाषेत कुलूप नसलं म्हणून घरालाही नसावं असं नाही. आलेली फाइल फ्लॅशवर लिहिण्याआधी बूटलोडर तिची डिजिटल सही तपासू शकतो, आणि रीसेटचं बटण दाबून धरल्याशिवाय ही वाट उघडूच नये अशी सोय अनेक यंत्रांत आहे. त्यामुळे हल्लेखोराला राउटरजवळ यावं लागतं. फर्मवेअरच्या दोन प्रती ठेवल्या की भागेल, असंही म्हणतात. उपाय उत्तम आहे. पण त्याला दुप्पट जागा लागते, आणि दोन्ही प्रती बिघडल्या तर पुन्हा केबलच उरते. मग ही वाट लपवण्यात काय साधतं? केबल कुठल्या पोर्टला लावायची, पत्ता कोणता द्यायचा, बटण किती सेकंद दाबायचं, एवढंच राउटरच्या तळाला, अनुक्रमांकाच्या शेजारी छापायला हवं.