वंगण : बोटाला कळतं ते आणि बेअरिंगला लागतं ते

गॅरेजमध्ये तेल तपासायची एक सर्वमान्य पद्धत आहे. डिपस्टिकवरचा थेंब चिमटीत घ्यायचा, चोळायचा आणि निकाल द्यायचा: ‘अजून दम आहे’ किंवा ‘पाणी झालंय, बदला.’ मुरलेल्या हाताला यातून काही गोष्टी नक्की कळतात. कचकच लागली तर धूळ किंवा धातूचा कीस, जळका वास आला तर तापलेलं तेल. पण वंगणाचं खरं काम ज्या फटीत चालतं, तिथला तेलाचा थर अनेकदा काही मायक्रॉनांचाच असतो आणि बॉल-बेअरिंगात तर एका मायक्रॉनच्याही आत. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. चिमटीतल्या थेंबावरून त्या थराबद्दल बांधलेले अंदाज पुष्कळदा उलटे निघतात.

सगळ्यात हट्टी गैरसमज म्हणजे तेल जितकं दाट तितकं मशीन सुखी. त्यामागे अशी समजूत असते, की तेल धातूला फक्त बुळबुळीत करतं. १८८३च्या सुमारास इंग्लंडमध्ये ब्यूशँप टॉवर हा इंजिनिअर रेल्वेच्या आसासारख्या शाफ्टवर प्रयोग करत होता. शाफ्टचा खालचा भाग तेलात बुडालेला, वर पितळी बेअरिंग आणि त्यावर वजन. वरून तेल सोडायला म्हणून त्याने बेअरिंगला भोक पाडलं, तर तेल आत जायच्या ऐवजी त्यातून वर येऊ लागलं. त्याने बूच ठोकलं, ते उडालं. मग लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर आली. शेवटी दाबमापक लावला, तर काटा चौरस इंचाला २०० पौंडांच्या पुढे गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार १०० पौंडच होता. म्हणजे फिरणारा शाफ्ट तेलाला निमुळत्या फटीत ओढून नेत होता आणि तिथे तयार झालेल्या दाबावर सगळं वजन अक्षरशः तरंगत होतं. याचं गणित ऑस्बर्न रेनॉल्ड्सने १८८६ साली मांडलं.

त्या गणितातली कामाची गोष्ट अशी, की थर धरायला दाटपणाइतकाच वेगही लागतो. शाफ्ट जोरात फिरत असेल तर पातळ तेलही भार उचलतं. मंद आणि जड असेल तर दाट लागतं. म्हणून साखर कारखान्यात उसाचे रोलर मिनिटाला मोजके फेरे घेतात, तिथे डांबरासारखं घट्ट वंगण चालतं. हायड्रॉलिक प्रेसला ‘४६’ किंवा ‘६८’ नंबरचं तेल लागतं आणि वेगवान स्पिंडलला त्याहून कितीतरी पातळ. स्पिंडलमध्ये गिअरबॉक्सचं दाट तेल ओतलं तर ते स्वतःच्याच अंतर्गत घर्षणाने तापतं आणि बेअरिंगलाही तापवतं.

डब्यावरचा ‘४६’ हा दर्जा नव्हे. ४० अंश सेल्सिअसला तेलाची श्यानता ४६ सेंटिस्टोक, एवढाच त्याचा अर्थ. तेच साधं खनिज तेल १०० अंशांना तापवलं तर आकडा ७च्या आसपास येतो. तापमानाबरोबर ही घसरण किती होते हे सांगणारा ‘व्हिस्कॉसिटी इंडेक्स’ वेगळा असतो. तो जितका जास्त, तितकी घसरण कमी. डबा घेताना हा आकडा विचारणारा माणूस मात्र विरळा.

दुचाकीवाल्यांचा वाद याच आकड्यांचा. ‘१०डब्ल्यू-३०’ पाण्यासारखं आहे, आपल्या उन्हाळ्यात ‘२०डब्ल्यू-४०’च हवं, असं ठासून सांगितलं जातं. ‘डब्ल्यू’च्या मागचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा असतो आणि पुढचा मुळातच १०० अंशांना मोजलेला. म्हणजे तापलेल्या इंजिनाचा विचार त्यात आधीच आलेला असतो. ज्या इंजिनाच्या फटी ‘३०’साठी आखल्या आहेत, त्यात उगाच दाट तेल घातलं तर सकाळी स्टार्ट केल्यावर ते वरच्या भागात पोचायला जास्त वेळ घेतं, आणि झीज तर याच वेळात जास्त होते. पुस्तिकेत हवामानाप्रमाणे वेगळा ग्रेड सुचवला असेल, तर तो वापरायला काहीच हरकत नाही. कारचं महागडं तेल मोटारसायकलला घालणं हा आणखी एक उत्साही प्रकार. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनाच्याच तेलात भिजलेला असतो. कारच्या काही तेलांतली घर्षण कमी करणारी द्रव्यं त्या क्लचच्या प्लेटा सटकवतात. मोटारसायकलच्या डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ असतं ते यासाठीच.

तेल काळं पडलं म्हणजे संपलं, हेही तितकंसं खरं नाही. डिझेल इंजिनात नवं तेल काही तासांतच काळं होतं, कारण काजळी सुटी करून स्वतःत तरंगत ठेवणं हे त्यातल्या द्रव्यांचं कामच आहे. जे तेल कधी काळं होतच नाही, त्याची काजळी इंजिनात कुठे साचतेय याची काळजी करावी. दुधासारखं पांढुरकं झालं असेल तर मात्र थांबू नये, तेलात पाणी शिरलंय.

शिलाई मशीनला खोबरेल घालणाऱ्या घरांबद्दल मला थोडी सहानुभूती आहे. वनस्पती तेलातली मेदाम्लं धातूला खरोखर चांगली चिकटतात. पहिल्या महायुद्धातल्या रोटरी इंजिनांच्या विमानांत एरंडेल वापरत, ते उगाच नव्हे. पण खोबरेल पंचविसेक अंशांखाली थिजू लागतं, म्हणजे पुण्याच्या डिसेंबरात मशीन सकाळी जड चालणार. करडईचं तेल तर हवेने हळूहळू वाळून चिकट पापुद्रा धरतं. मशीनच्या पातळ पांढऱ्या तेलाची बाटली फार महागही नसते.

ग्रीसचं प्रकरण वेगळंच. ग्रीस म्हणजे घट्ट तेल नव्हे. स्पंजात पाणी राहावं तसं धातूच्या साबणाच्या जाळीत धरून ठेवलेलं तेल. वंगणाचं काम करतं ते मुख्यतः हे झिरपणारं तेल. रंग हा बहुतेक वेळा नुसता रंगच असतो, आणि काळं ग्रीस म्हणजे अनेकदा त्यात ग्रॅफाइट किंवा मॉलिब्डेनम डायसल्फाइड घातलेलं असतं. बाहेर येईस्तोवर गन मारत राहण्याची सवय मोटरच्या बेअरिंगांना नडते. आतली मोकळी जागा गच्च भरली की गोळ्या ग्रीस घुसळत बसतात, बेअरिंग तापतं, सील फुटतं आणि तेच ग्रीस मोटरच्या वाइंडिंगवर जातं. पहिल्या भरणीला मोकळ्या जागेचा तिसरा हिस्सा ते निम्मा भाग पुरतो. पुढच्या वेळी किती घालायचं त्याचा प्रचलित हिशेब सोपा आहे: बाहेरचा व्यास गुणिले रुंदी, दोन्ही मिलिमीटरमध्ये, गुणिले ०.००५. सगळीकडे मिळणारं ६२०५ बेअरिंग ५२ बाय १५ मिलिमीटरचं असतं, म्हणजे जेमतेम ४ ग्रॅम. दोन्ही बाजूंनी झाकलेल्या पंख्याच्या बेअरिंगला तर काहीच घालायचं नसतं. वरून सोडलेलं तेल आत शिरलंच, तर आतलं ग्रीस पातळ करतं.

सिंथेटिक आणि साधं इंजिन ऑइल एकत्र झालं तर काय होईल, या धास्तीने लोकांची झोप उडते. खरं तर चालू मानकांची इंजिन तेलं एकमेकांत मिसळणारी असावीत अशी अटच असते. अडीअडचणीला टॉप-अप केल्याने काही बिघडत नाही. ग्रीसच्या बाबतीत मात्र जे हाताला लागेल ते बिनधास्त भरलं जातं, आणि खरा धोका तिथे असतो. लिथियम साबणाचं ग्रीस आणि मोटरच्या बेअरिंगांत बऱ्याचदा असणारं पॉलियुरिया ग्रीस एकत्र आलं, तर मिश्रण अनेकदा मऊ पडून वाहून जातं आणि काही दिवसांनी बेअरिंग कोरडं वाजू लागतं. आधी कोणतं भरलंय ते माहीत नसेल, तर बेअरिंग उघडून जुनं सगळं धुऊन काढायचं, पूर्ण सुकवायचं आणि मगच नवं भरायचं.