फवारणीचं विष रक्तात किती भिनलं? प्रकाशाच्या मदतीने ओळखणारा सेन्सर

फवारणी करून आल्यावर डोकं गरगरलं, मळमळलं, की 'ऊन लागलं असेल' म्हणून आपण सोडून देतो. पण २०१७ च्या खरिपात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० च्या आसपास शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. त्यामुळे रक्तात काय बिघडतं, हे समजून घेतलेलं बरं.

विष काय करतं?
मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं. ती शरीरातलं कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम बंद पाडतात. नसेचा निरोप स्नायूपर्यंत पोहोचला की तो पुसायचं काम हे एन्झाइम करतं. ते बंद पडलं की निरोप थांबतच नाही. मग घाम, लाळ, उलटी, अंधुक दिसणं, अंग फडफडणं आणि शेवटी श्वास अडकणं. हे एन्झाइम रक्तातही असतं, म्हणून रक्त तपासून अंदाज येतो.

सेन्सर कसा चालतो?
छोट्या पट्टीवर टायटॅनियम डायऑक्साइडसारख्या पदार्थाचा थर असतो. प्रकाश पडला की सोलर पॅनलसारखी त्यातून किंचित वीज वाहते. रक्ताच्या नमुन्यात एक रसायन घालतात. एन्झाइम त्याचे तुकडे करतं आणि त्यातला एक तुकडा वीज वाढवतो. वीज भरपूर, तर एन्झाइम धडधाकट. वीज कमी, तर एन्झाइम दबलेलं. १९६१ पासूनच्या एलमन पद्धतीत रंग मोजतात, तिथे रक्ताचा लाल रंग आड येतो. इथे रंग नाही, वीज मोजायची. मात्र हे सेन्सर अजून मुख्यतः संशोधनातच आहेत. आज रुग्णालयात होते ती साधी कोलिनेस्टरेज तपासणी.

हंगामाआधीची तपासणी का?
प्रत्येकाची पातळी वेगळी असते. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात अशी औषधं नियमित हाताळणाऱ्या मजुरांचं रक्त कामाआधी तपासतात. लाल पेशींमधलं एन्झाइम मूळ पातळीच्या ७० टक्क्यांवर आलं, की मजुराला त्या कामावरून हटवावं लागतं.

त्रास झाला तर?
फवारणी थांबवा, कपडे काढा, अंग साबणाने धुवा. १०८ ला फोन करा. औषधाचा डबा किंवा लेबलचा फोटो डॉक्टरांना दाखवा. रिपोर्टची वाट बघत घरी थांबू नका. अॅट्रोपिनचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर जीव वाचू शकतो.