दोरावर सर्वांत शेवटी

हेलिकॉप्टर आले, दोर खाली सुटला, दोराला पाळणाही होता. आणि तरीही खालची माणसे वाचली नाहीत. १९८३ सालच्या १२ फेब्रुवारीला पहाटे अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्याच्या किनाऱ्यापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर ‘मरीन इलेक्ट्रिक’ हे कोळशाचे जहाज वादळात उलटले. जहाजावर ३४ माणसे होती आणि समुद्राचे तापमान जेमतेम चार अंश सेल्सिअस होते. अमेरिकी तटरक्षक दलाचे हेलिकॉप्टर डोक्यावर येऊन स्थिरावले तेव्हा काहीजण अद्याप लाटांवर तरंगत होते. पण पाळणा हाताशी आला तरी त्यात चढून बसण्याचे त्राण त्यांच्या अंगात उरले नव्हते. गारठलेली बोटे मिटतच नव्हती. पाण्यात उतरून त्यांना पाळण्यात घालील असा माणूस त्या हेलिकॉप्टरात नव्हता. तो नौदलाकडे होता, म्हणून नौदलाला हाक घालण्यात आली. त्यांचा जलतरणपटू उतरला, थकून जाईपर्यंत एकेका देहापाशी पोहत गेला. पण तोवर फार उशीर झाला होता. ३१ जण दगावले, तिघे वाचले.

जहाज दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले, त्याच्या मालकोठारांवरची झाकणे गंजून खिळखिळी झालेली, आणि तरीही तपासणीतून ते सुटलेले. हे प्रकरण वेगळे आहे, आणि अधिक लाजिरवाणेही. येथे प्रश्न आहे तो दोराच्या खालच्या टोकाचा.

हेलिकॉप्टरातून दोर सोडून समुद्रावरील माणसे उचलण्याचा पहिला प्रयोग १९४५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतच, कनेक्टिकटच्या किनाऱ्याजवळ झाला होता. वादळात सापडलेल्या तेलाच्या एका तराफ्यावरून दोघांना सिकॉर्स्की बनावटीच्या हेलिकॉप्टरने उचलले. त्यानंतरच्या ३८ वर्षांत यंत्रे मोठी झाली, त्यांचा पल्ला वाढला, दोर लांबला. बुडणारा माणूस मात्र तोच राहिला. आणि त्याने आपल्या बचावातील अर्धे काम स्वतः करावे, ही अपेक्षाही तशीच राहिली. यंत्रासाठी पैसा मंजूर करणे कोणत्याही खात्याला सोपे जाते. यंत्र अपुरे पडते आणि तेथे माणूसच घालावा लागतो, हे कबूल करणे जड जाते. अमेरिकी काँग्रेसने १९८४ साली कायद्यानेच आपल्या तटरक्षक दलाला बचाव जलतरणपटूंचे पथक उभारावयास लावले, आणि १९८५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील एलिझाबेथ सिटीच्या तळावर पहिले जलतरणपटू रुजू झाले.

या माणसाचे काम म्हणजे हेलिकॉप्टरातून मारलेली उडी, अशी चित्रपटांनी करून दिलेली समजूत आहे. उडी क्षणाची असते, आणि लाटा फार उंच असल्या तर तीही नसते. त्याला दोरानेच खाली सोडतात. खरे काम पाण्यात सुरू होते. डोक्यावर फिरणाऱ्या पात्यांचा झोत इतका प्रचंड असतो की त्याखाली श्वास घेणे म्हणजे तुषारांतून हवा चाळून घेणे. आवाज इतका की ओरडून उपयोग नाही; म्हणून हातांच्या खुणा ठरलेल्या. समोरचा माणूस भ्यालेला असेल तर तो मदतीला आलेल्यालाच मिठी घालतो आणि त्याच्या खांद्यावर चढू पाहतो. अशा वेळी जलतरणपटू वर येण्याची धडपड करीत नाही. तो मुद्दाम खाली बुडतो. बुडणारा पाण्याखाली जाणाऱ्या वस्तूला धरून राहत नाही, हे त्याला शिकविलेले असते. मग मागून येऊन तो त्याला धरतो. गारठून निपचित पडलेल्याची तऱ्हा निराळी. त्याला उभा उचलला तर रक्तदाब एकाएकी कोसळून सुटकेच्या क्षणीच हृदय बंद पडण्याचा धोका असतो. म्हणून त्याला शक्यतो आडवा अथवा पाळण्यात बसवून वर घ्यावे लागते. पाण्यात अनेकजण असतील तर आधी कोणाला न्यायचे, हाही निर्णय त्यालाच करावा लागतो. तो निर्णय वर बसून घेता येत नाही.

वरून तर तो धड दिसतही नाही. वैमानिकाच्या नजरेला हेलिकॉप्टरच्या पोटाखालचे पाणी येत नाही. दारात ओणवा झालेला यंत्रज्ञ एका हाताने दोर सांभाळतो आणि ‘पुढे दहा, उजवीकडे पाच’ असे तोंडाने सांगत राहतो; वैमानिक न पाहिलेल्या माणसावर यंत्र धरून ठेवतो. एकमेकांवर विसंबणे हा येथे सुविचार नसून कामाची रीत आहे.

उरलेले दिवस कसे जातात, हे फारसे कोणी सांगत नाही. अमेरिकी तटरक्षक दलात हेच लोक विमानांतील जीवरक्षक साहित्य सांभाळतात. हवाई छत्र्या तपासणे, तराफे घडी घालून भरणे, पोशाखांच्या शिवणी पाहणे, हे त्यांचे रोजचे काम आहे; शिवणयंत्रही त्यांना चालवावे लागते. प्रथमोपचाराचे रीतसर शिक्षण वेगळेच. एलिझाबेथ सिटीच्या शाळेत निम्म्याहून अधिक उमेदवार मध्येच गळाले तरी नवल मानले जात नाही. एवढे करून उत्तीर्ण झालेला शिवणयंत्रासमोर बसतो, आणि घंटेची वाट पाहतो.

या पेशाची सर्वांत कठीण अट मात्र पोहण्याशी संबंधित नाही. दोर एक, जागा मोजकी, इंधन संपत आलेले. म्हणून जो आणावयास गेला तो सर्वांत शेवटी वर येतो, प्रसंगी येतच नाही, मागे राहतो. १९८९ च्या जानेवारीत ऑरेगॉनच्या किनाऱ्यापाशी एक लढाऊ विमान समुद्रात कोसळले. केली मॉक ही अमेरिकी तटरक्षक दलाच्या बचाव जलतरणपटूंतील पहिली स्त्री. हवाई छत्रीच्या दोऱ्यांत गुरफटलेल्या जखमी वैमानिकाला तिने सोडविले. त्याला तातडीने इस्पितळात नेणे आवश्यक होते. हेलिकॉप्टर त्याला घेऊन निघून गेले आणि ती हिवाळ्यातील समुद्रात दुसऱ्या हेलिकॉप्टरची वाट पाहत राहिली.

२००४ च्या डिसेंबरात अलास्काच्या उनालास्का बेटाजवळ ‘सेलेंदांग आयू’ हे मलेशियाचे जहाज इंजिन बंद पडून खडकांकडे वाहत चालले होते. कप्तान भारतीय होता, खलाशांतही भारतीय होते. २६ पैकी १८ जणांना आधीच उचलले होते. ८ डिसेंबरला उरलेल्यांना घेताना जलतरणपटू ॲरन बीन हा जहाजावर उतरला. सात खलाशी वर गेले. डेकवर कप्तान आणि बीन राहिले. इतक्यात एक अजस्र लाट जहाजावरून उसळून थेट हेलिकॉप्टरला भिडली आणि ते समुद्रात कोसळले. त्यातील तिघा कर्मचाऱ्यांना आणि एका खलाशाला दुसऱ्या हेलिकॉप्टरने वाचविले. सहा खलाशी गेले. जहाज दुभंगले. त्याच्या पुढच्या तुकड्यावर बीन आणि कप्तान पुढच्या फेरीची वाट पाहत थांबले, आणि ती फेरी आली.

हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देण्याजोगे नाही. १९७८ साली रीतसर स्थापन झालेल्या भारतीय तटरक्षक दलातही हेलिकॉप्टरबरोबर जाणारे पाणबुडे असतात. १७ जून २०२१ रोजी पावसाळी समुद्रात रेवदंड्याजवळ ‘मंगलम’ हे मालवाहू जहाज बुडू लागले, तेव्हा दलाच्या चेतक हेलिकॉप्टरांनी आणि एका गस्ती जहाजाने मिळून त्यावरील सोळाही जणांना वाचविले. वर्तमानपत्रांत दुसऱ्या दिवशी आकडा आला. दोराने कोण खाली उतरले होते, हे नाव बहुधा येत नाही. मेलेल्यांची नावे मात्र छापली जातात, मग तो वाचविणारा का असेना.

२ सप्टेंबर २०२४ च्या रात्री पोरबंदरच्या समुद्रात ‘हरी लीला’ या तेलवाहू जहाजावरील एका जखमी खलाशाला आणावयास तटरक्षक दलाचे हेलिकॉप्टर निघाले. आत दोन वैमानिक आणि दोन पाणबुडे होते. हेलिकॉप्टर समुद्रात कोसळले. एक पाणबुडा जिवंत मिळाला. दुसऱ्याचा आणि एका वैमानिकाचा मृतदेह हाती लागला. दुसऱ्या वैमानिकाचा शोध चालूच राहिला. त्याचा देह १० ऑक्टोबरला सापडला.