छोट्या गाडीचा हरवलेला पिकअप

वाई सोडून पसरणीच्या घाटाला लागलो तेव्हा गाडीत आम्ही पाच जण होतो आणि डिकीत दोन बॅगा. मे महिना, दुपारचे दोन. गाडी माझी २०१४ सालची ऑल्टो ८००. दुसऱ्याच वळणावर तिसऱ्या गिअरमध्ये ती कुंथायला लागली. सेकंड टाकला, तरी अंगात जीव नसल्यासारखी चढत होती. मागे एसटी लागलेली. आईनं मागच्या सीटवरून विचारलं, ‘एसी बंद करू या का रे?’ छोटी गाडी असलेल्या घरांत हा प्रश्न घाटाच्या पायथ्याशी हमखास निघतो.

पुण्यात परतल्यावर चौकशी केली. एका दुकानात फ्री-फ्लो सायलेन्सर आणि कोन फिल्टर असं दोन्ही मिळून सोळा हजारांचं काम सुचवलं गेलं. ‘पिकअपमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडेल,’ असं आश्वासनही मिळालं. मी ते काम केलं नाही. त्याऐवजी साधारण साडेचार हजार रुपये वेगळ्याच गोष्टींवर घातले आणि गाडी पुन्हा ओढायला लागली. ‘पुन्हा’ हा शब्द महत्त्वाचा. कंपनीनं दिलेल्यापेक्षा जास्त ताकद मी तिच्यात घातलेली नाही. तिची स्वतःची ताकद वाटेत कुठेकुठे गळत होती, तेवढी थांबवली.

या इंजिनाकडे एकदा नीट पाहायला हवं. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० च्या इंजिनाच्याच घराण्यातलं. ताकद सुमारे ४७ अश्वशक्ती, तीही मिनिटाला ६,००० फेऱ्यांना. टॉर्क ६९ न्यूटन-मीटर, ३,५०० फेऱ्यांना. गाडीचं स्वतःचं वजन ७०० किलोच्या आसपास. त्यात पाच माणसं आणि सामान बसलं की साडेतीनशे किलो वाढतात, म्हणजे गाडी दीडपट जड होते. मोठ्या गाडीत दीडशेतली पाच अश्वशक्ती कुठे गेली तर चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. ४७ मधली पाच गेली तर दहावा हिस्सा गेला. छोट्या गाडीची देखभाल मोठ्या गाडीपेक्षा काटेकोर हवी, ती याच कारणासाठी. आपण मात्र नेमकं उलटं करतो. ‘छोटीच तर गाडी आहे’ म्हणून तिचं सर्व्हिसिंग पुढे ढकलतो.

गळती शोधायची ती आधी चाकांत, मग इंजिनात. दहा-बारा किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर, शक्यतो ब्रेक न वापरता गाडी चालवा. थांबल्यावर चारही चाकांच्या मध्याजवळ तळहात न्या, टेकवू मात्र नका. माझ्या गाडीचं मागचं डावं चाक इतर तिन्ही चाकांपेक्षा स्पष्ट गरम होतं. गॅरेजमधल्या मिस्त्रींनी मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलली, गिअर न्यूट्रल केला, हँडब्रेक सोडला आणि चाकं हातानं फिरवली. उजवं दोन-अडीच फेऱ्या फिरून सावकाश थांबलं. डावं अर्ध्या फेरीत अडलं, आणि आतून खरखर आवाज आला. ड्रम काढल्यावर दिसलं, की व्हील सिलिंडरच्या एका बाजूचा पिस्टन गंजून जाम झाला होता. ब्रेक सोडला तरी लायनर ड्रमला घासतच राहायचा. शिवाय हँडब्रेकची वायरही गरजेपेक्षा ताणलेली. गेल्या पावसाळ्यात कोकणात गाडी आठवडाभर हँडब्रेक लावून भर पावसात उभी होती, तिथूनच हे सुरू झालं असावं. म्हणजे कित्येक महिने मी एका चाकाचा ब्रेक किंचित दाबूनच गाडी पळवत होतो. दुरुस्तीला नऊशे रुपये लागले. गाडी बाहेर काढली तेव्हा गल्लीतल्या जेमतेम उतारावर ती आपोआप घरंगळायला लागली. याआधी तसं कधी झालं होतं, हे मला आठवेना.

त्यानंतर एअर फिल्टर. कागदाचा साधा फिल्टर, अडीचशे-तीनशे रुपयांचा. जुना बाहेर काढला तर कागदाच्या घड्यांत रस्त्याच्या कामाची लाल माती गच्च बसलेली. फिल्टर बदलला की ॲव्हरेज वाढतं, असं आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो. ते कार्ब्युरेटरच्या जमान्यातलं सत्य होतं. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेनं २००९ मध्ये हे तपासलं. इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत तुंबलेला फिल्टर बदलल्यानं ॲव्हरेजमध्ये जवळपास फरक पडला नाही. वेग घ्यायला लागणारा वेळ मात्र ६ ते ११ टक्क्यांनी सुधारला. कारण समजायला सोपं आहे. हवा कमी आली की कॉम्प्युटर पेट्रोलही कमी सोडतो. मिश्रण बिघडत नाही, पण मिळणारा दम कमी होतो. पिकअपसाठी याहून स्वस्त वस्तू बाजारात नाही.

थ्रॉटल बॉडी साफ करणं, तीन स्पार्क प्लग, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचं इंजिन ऑइल ही पुढची कामं. ‘जुनी गाडी आहे, जाड ऑइल घाला’ हा सल्ला विनाकारण मानू नका. जाड ऑइल फिरवण्यातही इंजिनाची ताकद खर्च होते. महागडे इरिडियम प्लग टिकतात जास्त, ओढ वाढवत नाहीत. शंभर ऑक्टेनच्या पेट्रोलचंही तेच. ठोके टाळण्याची जादा क्षमता वापरून घेईल अशी रचना या इंजिनात नाही, मग पैसे जळण्यापलीकडे काही होत नाही.

आता ज्याला एक पैसाही लागत नाही ते. आपल्याकडे ‘लवकर टॉप टाका, ॲव्हरेज मिळेल’ असं ड्रायव्हिंग स्कूलपासून शिकवतात. सपाट रस्त्यावर ठीक आहे. घाटात तोच सल्ला गाडीचा जीव घेतो. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले फेऱ्या. ऑल्टोचं इंजिन ३,५०० फेऱ्यांना ६९ न्यूटन-मीटर देतं, म्हणजे हिशेबानं सुमारे ३४ अश्वशक्ती. तिसऱ्या गिअरमध्ये रेटत ते १,७५० फेऱ्यांवर आणलं, तर टॉर्क तेवढाच राहिला असं धरूनही हातात उरतात १७. पाय तळाला टेकवला तरी सतराच. सोळा हजारांच्या सायलेन्सरनं कधीच मिळणार नाही एवढी ताकद एक गिअर खाली टाकून मिळते. इंजिन ओरडायला लागलं की आपल्याला वाटतं त्याला त्रास होतोय. खरं तर त्याला त्रास होतो तो कमी फेऱ्यांवर धडधडत ओझं ओढताना.

माझ्या गाडीला फेऱ्यांचा काटा नाही. म्हणून मी सात-आठशे रुपयांचा एक ओबीडी रीडर घेतला. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये तो खोचायचा आणि ब्लूटूथवर मोबाइलला जोडायचा. फेऱ्या, कूलंटचं तापमान, इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान, सगळं समोर दिसतं. हे छोटं यंत्र मला सगळ्यात आवडलं, कारण कुणाच्याही शब्दावर विसंबून राहावं लागत नाही. दुसऱ्या गिअरमध्ये चाळिशीच्या आसपास माझी गाडी साडेतीन हजार फेऱ्यांना पोचते. आता तो आवाज कानात बसला आहे.

आत शिरणाऱ्या हवेच्या तापमानावरूनच कोन फिल्टरचा निकालही लागतो. कंपनीचा एअरबॉक्स बाहेरची, त्यातल्या त्यात थंड हवा पाइपनं ओढून घेतो. कोन फिल्टर उघड्यावर, इंजिनशेजारी बसतो आणि बॉनेटखालची तापलेली हवा घेतो. हवा ४० अंशांऐवजी ६० अंशांवर आत गेली, तर तिची घनता सहा टक्क्यांनी कमी होते. जिथे फायदा घ्यायला गेलो तिथेच तोटा. फ्री-फ्लो सायलेन्सरनं वरच्या फेऱ्यांवर थोडंफार मिळू शकतं, पण पाइप रुंद झाला की खालच्या फेऱ्यांवर धुराचा वेग मंदावतो आणि शहरात, घाटात रोज लागते ती ओढच कमी होते. आवाज वाढतो, म्हणून गाडी जोरात गेल्यासारखी वाटते. ईसीयूच्या, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या, रीमॅपिंगचा खरा फायदा टर्बो इंजिनांना. टर्बोतून जादा हवा ढकलता येते. बिनटर्बोच्या ८०० सीसीत ढकलायला काही नाही.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ वैशिष्ट्यांपासून गाडी दूर जाईल असे बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. सायलेन्सर बदलताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणारे तर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पोरांच्या छातीत धूर भरतात. मला याचा मनापासून राग येतो.

पैसे खर्च करायचेच असतील तर ते टायरवर आणि ब्रेकवर करा. गाडीचा रस्त्याशी संबंध चार तळहातांएवढ्या रबरातून येतो. माझ्या गाडीचं माप १४५/८० आर १२. ते वाढवायचं तर बाहेरचा व्यास तीन टक्क्यांहून जास्त बदलू देऊ नये, नाहीतर स्पीडोमीटर चुकतो आणि गिअरही लांबल्यासारखे होऊन ओढ कमी होते. १४५/८० आर १२ चा व्यास ५३७ मिलिमीटर. त्याच रिमवर १५५/८० बसवला तर तो ५५३ होतो, अगदी तीन टक्क्यांच्या काठावर, आणि पिकअप मार खातो. मी माप तेच ठेवलं, फक्त चांगल्या ग्रीपचे नवे टायर घेतले आणि दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेली हवा दर पंधरा दिवसांनी भरायला लागलो. गाडीत पाच माणसं असतील तर स्टिकरवरचा भरल्या गाडीचा आकडा पाहायचा, हेही बहुतेकांना माहीत नसतं.

ब्रेक ऑइल तर आपण विसरूनच जातो. ते हवेतली आर्द्रता शोषून घेतं, त्यामुळे कोकणात आणि गोव्यात ते लवकर खराब होतं. डॉट ३ दर्जाचं ताजं ब्रेक ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की तीच मर्यादा १४० वर येते. आंबा घाटात भरल्या गाडीनं सतत ब्रेक दाबत उतरलं तर एवढी उष्णता सहज तयार होऊ शकते. ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले की पेडल मऊ पडतं आणि तळाला जातं. दर दोन वर्षांनी ऑइल बदला, आणि ज्या गिअरवर घाट चढता त्याच गिअरवर उतरा. सीएनजीवाल्यांना एक सांगणं. ऑल्टो ८०० सीएनजीवर ४७ ऐवजी ४० अश्वशक्तीच देते. घाटाच्या पायथ्याशी बटण पेट्रोलवर करा.

एवढं सगळं करूनही डोंगर आपला वाटा घेतोच. दिवाळीत आम्ही पुन्हा पसरणी चढलो, तेच पाच जण. वाईत चहाला थांबलो तेव्हा इंजिन बंद, स्विच चालू अशा स्थितीत रीडरवर हवेचा दाब ९३ किलोपास्कल दिसला. समुद्रसपाटीला तो १०१ असतो. वर पाचगणीत पोचून पाहिलं तर ८७. हवाच विरळ, म्हणून टर्बो नसलेली गाडी तिथे समुद्रसपाटीच्या मानानं सुमारे चौदा टक्के ताकद गमावते, आणि यावर साडेचार हजारांत किंवा सोळा हजारांत काही उपाय नाही. पण वर येताना सेकंडमध्ये, साडेतीन हजार फेऱ्यांवर, एसी चालू ठेवून ती एकदाही अडली नव्हती. दोन वळणांवर तर मला पाय थोडा उचलावा लागला. मागचे शॉकअप मात्र थकलेत, खड्ड्यात आईला धक्का जाणवतो. पुढच्या पगारात ते बदलायचे आहेत.