विमा नसलेले वाहन आणि उपचारांचा खर्च

अपघातात जखमी झालेल्या माणसापुढे दोन प्रश्न उभे राहतात. उपचार ताबडतोब कसे मिळावेत, हा पहिला; त्यांचा खर्च कोणी सोसावा, हा दुसरा. भारतात त्रयस्थ पक्षाचा विमा कायद्याने सक्तीचा आहे. तथापि धडक देणाऱ्या वाहनाचा विमाच नसला, तर दुसरा प्रश्न पहिल्याची वाट अडवितो.

मे 2025 मध्ये केंद्र सरकारने लागू केलेल्या योजनेचा हेतू ही अडचण दूर करण्याचा आहे. नियुक्त रुग्णालयात अपघातापासून 7 दिवसांपर्यंत, 1,50,000 रुपयांच्या मर्यादेत, जखमीकडून पैसे न घेता उपचार केले जातात. वाहन विम्याविना असल्यास हा भार सरकार उचलते.

मोडलेले हाड मात्र 7 दिवसांत सांधत नाही. पुढील उपचार, बुडालेली मजुरी आणि कायमचे अपंगत्व यांची भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे मागावी लागते. ती देण्याचे दायित्व अशा वेळी चालक व मालक यांच्यावर येते. मालक निर्धन असेल, तर निवाडा कागदावरच राहण्याचा संभव असतो. म्हणूनच मालकाकडून पुरेसे तारण घेतल्यावाचून असे वाहन सोडू नये, असा नियम करण्यास सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये राज्यांना सांगितले. जखमीच्या आप्तांनी रुग्णालयाची व औषधांची प्रत्येक पावती जपून ठेवणे अगत्याचे असते. कारण झालेला खर्च न्यायाधिकरणापुढे सिद्ध करावा लागतो.