चिपळूणहून पुरानी बस्तीत

जुलै 2021 मध्ये वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळुणात आमच्या घरात शिरलं, तेव्हाच ठरवलं, आता पुराचं गाव नको. मुलाच्या नोकरीमुळे रायपूर पुढे आलं. 2002 च्या भूकंप नकाशात हे शहर सर्वांत कमी धोक्याच्या विभाग 2 मध्ये, समुद्रही लांब. पण उन्हाळ्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो आणि जवळच्या सिलतराच्या लोखंड कारखान्यांचं प्रदूषण आहेच.

रायपूरच्या पुरानी बस्ती भागात घर बघताना भाडं नंतर विचारलं. आधी शेजारणीला विचारलं, "पावसात पाणी कुठवर येतं?" तिने दुसरी पायरी दाखवली. रुग्णवाहिका गल्लीत शिरेल का, तेही पाहिलं. शेवटी मधला मजला घेतला: पाणी पोचत नाही, डोक्यावर तापणारी गच्चीही नाही.