पाणी गार, मासा गप्प

भीमेवरच्या उजनी जलाशयात डिसेंबरच्या पहाटे गळ टाकून बसणाऱ्याला बहुधा हात हलवत परतावं लागतं. मासा थंड रक्ताचा. पाणी गारठलं की त्याचं पचन मंदावतं आणि भूकही. थंडीत उन्हं चढू द्यावीत, कडेचं उथळ पाणी कोमट झालं की मग गळ टाकावा.

उन्हाळ्यात अडचण वेगळीच. १५ अंशांच्या एक लिटर पाण्यात साधारण १० मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. त्यात रात्रभर शेवाळही तोच ओढून घेतं, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी. तोंड वर काढून धापा टाकणारा मासा आमिषाकडे ढुंकूनही पाहत नाही.

कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. गळाची खोली त्यावर ठरते.

पावसाळ्यात गढूळ लोंढा आला की हे तिन्ही प्रवाहाविरुद्ध चढतात, कारण साचलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत. गाभोळीने पोट फुगलेली मादी तेव्हा ओढ्याच्या तोंडाशी अलगद सापडते. तिला सोडून द्यावं, असं मला मनापासून वाटतं. मोठ्या रोहूच्या एका मादीच्या पोटात लाखो अंडी असतात.